मोठे शिकारी कॅटफिश पाळायचेत? आधी पाणी, मग जागा, मासा सगळ्यात शेवटी

रेडटेल कॅटफिशचं पिल्लू दुकानात दिसतं तेव्हा बोटाएवढं असतं. काळी पाठ, पांढरंशुभ्र पोट, तोंडापुढे हलणाऱ्या लांब मिशा. किंमत काही शे रुपये. पोरं काचेला नाक लावून बसतात आणि बापाचा हात खिशात जातो. नीट खायला मिळालं तर हेच पिल्लू सहा महिन्यांत फूटभर होतं, दीड-दोन वर्षांत दोन फूट. घरच्या पाण्यात तो तीन-साडेतीन फुटांपर्यंत जातो आणि पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेलं पोर कॉलेजला जाईल तेव्हाही मासा घरातच असणार आहे. दुकानदार आधी मासा देतो, मग टाकी विकतो. आपण उलट जाऊया.

पायरी १ : मासा निवडा, पण पूर्ण वाढलेला डोळ्यासमोर ठेवून

आपल्याकडच्या दुकानांत साधारण चार-पाच शिकारी कॅटफिश फिरतात. रेडटेलबद्दल वर आलंच, तो ॲमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यातला. त्याच भागातला टायगर शोव्हेलनोज अंगावर वाघासारखे पट्टे आणि फावड्यासारखं चपटं तोंड घेऊन येतो. तोही तीन फुटांच्या घरात जातो, शिवाय भित्रा. दिवा अचानक लावला की सरळ काचेवर जाऊन आपटतो आणि नाक फोडून घेतो. तिसरा म्हणजे दुकानात ‘शार्क’ म्हणून खपवला जाणारा करडा, चकचकीत मासा. तो शार्क नाही, पंगस आहे. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्याचा सख्खा. खाण्यासाठी लोक तो तलावात वाढवतात, यावरूनच त्याचा आकार ओळखा. थवा करून राहणारा आणि सतत पोहणारा मासा दोन फुटी काचेत ठेवणं हा शुद्ध छळ आहे.

‘टाकी लहान असली की मासाही लहान राहतो’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. राहतो, कारण स्वतःच्याच घाणीत त्याची वाढ खुंटते, पाठीला बाक येतो आणि तो लवकर मरतो. अशा माशाला लहान म्हणत नाहीत, आजारी म्हणतात.

मग सहा फुटी टाकीवाल्याने काय घ्यावं? लिमा शोव्हेलनोज घ्या. दीड फुटाच्या आत राहतो, मिशा-तोंड सगळं तेच, शिकारीची ढबही तीच. चार फुटी टाकी असेल तर पिक्टस. पाच इंचांचा, रुपेरी अंगावर काळे ठिपके. तो एकटा ठेवू नका, चार-पाच जण असले की मोकळेपणाने फिरतात. आणि आपल्या नदीतली छोटी शिंगटी? लोक तिला रश्श्यातच ओळखतात, पण टाकीत ती फार देखणी आणि काटक आहे. माझं मत विचाराल तर नवख्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी.

मोठी देशी मंडळी मात्र नदीतच राहू द्या. वालशिवडा मीटरभर सहज होतो, त्याची नोंद आता जगाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. जाळ्यातून आलेला वालशिवडा बहुधा जखमी असतो आणि टाकीत चार दिवसही काढत नाही. आणि आफ्रिकन मागूर, कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. केंद्राने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आहे आणि २०१९ मध्ये हरित लवादाने महाराष्ट्राला त्याचे साठे नष्ट करायला सांगितलं. देशी मागूर वेगळा, पण पिल्लांत दोघांतला फरक नवख्याला कळत नाही, तेव्हा त्या वाटेलाच जाऊ नका.

पायरी २ : आपलं घर किती फुटांवर आहे ते बघा

ही पायरी मुंबई-पुण्याच्या हौशींना लागत नाही, सांगलीकराला लागते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या पुढे. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या लोकांना हे आकडे तोंडपाठ आहेत. आपल्या अंगणात किती फुटांना पाणी येतं हे शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, किंवा भिंतीवरचा पुराचा डाग बघा.

पाणी अंगणात येत असेल, तर परदेशी शिकारी माशासाठी तिथे उघडा हौद बांधायचा नाही. यावर चर्चा नाही. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापायमा आणि ॲलिगेटर गार सापडले. माणसांच्या टाक्यांतून आणि तळ्यांतूनच ते गेले होते. आपल्याकडे उजनीत सकर मासा पसरलाय, तोही काच साफ करायला आणलेलाच. कृष्णेत आधीच मळी आहे, वाळूउपसा आहे, मगरी आहेत. त्यात रेडटेलची भर नको. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज या काठच्या गावांत हौस करायचीच असेल तर घरात, वरच्या मजल्यावर, आणि लहान जातीची.

साताऱ्याला, कराडचा नदीकाठ सोडला तर, पुराची चिंता कमी. तिथे थंडीची आहे, ते पुढे येतंच.

पायरी ३ : टाकीचा हिशोब

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा आणि आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा. तेवढे लिटर पाणी. ६ × २ × २ ची टाकी म्हणजे २४ घनफूट, जवळपास ६८० लिटर. तेवढेच किलो वजन, वर काच, स्टँड आणि वाळू. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधलेला असतो आणि ही टाकी जेमतेम सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत बसते. म्हणून पुराचं पाणी येत नसेल तिथे तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायची तर भिंतीलगत, बीमच्या वर, आणि आधी इंजिनिअरला दाखवून. जुन्या लोडबेअरिंग वाड्यात माडीवर अजिबात नको.

दोन फूट उंचीला काच १२ मिलिमीटरची घ्या, वरून आडव्या पट्ट्या मारून घ्या. मोठा कॅटफिश दचकला की शेपटीचा तडाखा एवढा बसतो की घरातली माणसं उठून बसतात. झाकण जड हवं आणि त्याला खटका हवा, कारण हे मासे रात्री उड्या मारतात.

रुंदीकडे सगळे दुर्लक्ष करतात. दोन फुटी माशाला वळायला निदान तीन फूट रुंदी लागते आणि बाजारातल्या तयार टाक्या दीड-दोन फुटांपेक्षा रुंद नसतात. म्हणजे दोन फुटांच्या वर जाणारा कुठलाही मासा टाकीचा नाहीच, हौदाचा आहे.

तळाला गोटे, मार्बल, शंख-शिंपले काही टाकू नका. तोंडात मावतं ते गिळायचं, हा या जातीचा एकमेव कायदा आहे. रेडटेलने थर्मामीटर, हीटरच्या रबरी वाट्या, हाताएवढे दगड गिळल्याचे प्रकार हौशींच्या जगात नवे नाहीत. तळ मोकळा ठेवा किंवा बारीक नदीची वाळू पसरा. हीटर टाकीत न ठेवता फिल्टरच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, ठेवा. लपायला सिमेंटचा अर्धा पाइप बास.

पायरी ४ : हौद

रेडटेल किंवा टायगर शोव्हेलनोजसाठी १५ फूट लांब, ८ रुंद, ४ खोल ही मी किमान धरतो. ४८० घनफूट, म्हणजे ४.८ ब्रास माती निघणार आणि साडेतेरा हजार लिटर पाणी बसणार. तुमच्या भागात टँकर येत असेल, जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात येतोच, तर हा बेत इथेच सोडा. दर आठवड्याला यातलं तिसरा हिस्सा पाणी बदलायचं आहे.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाण्याचा पीएच नऊ-दहाच्या पुढे जातो आणि मासा दोन दिवसांत मरतो. हौद भरून चार-पाच दिवस ठेवा, रिकामा करा, घासा, पुन्हा भरा. असं दोन-तीन आठवडे चालतं. जुने लोक पाण्यात केळीचे खुंट कापून टाकतात, ते कुजताना चुना मारतात. उपाय चांगला आहे, पण शेवटी ते सगळं काढून हौद धुतल्याशिवाय मासा सोडू नका. पीएच आठच्या खाली टिकला की काम झालं.

हौदाची कड जमिनीपासून फूट-दीड फूट वर घ्या. पावसाचं वाहतं पाणी आत यायला नको. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागात तर हे जिवावरचं काम आहे. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की बागेत फवारण्या सुरू होतात आणि बोर्डो मिश्रणातलं मोरचूद माशांना विषासारखं भिनतं. कॅटफिशसारख्या बिनखवल्याच्या माशाला जास्तच. बागेच्या वाऱ्याखाली हौद बांधू नका, फवारणीचा पंप हौदाच्या पाण्यात धुवायला कुणाला देऊ नका. गड्यालाही सांगून ठेवा, कारण आपण घरी नसताना नेमकं हेच होतं.

द्राक्षासाठी केलेलं प्लास्टिक कागदाचं शेततळं आयतं दिसतं म्हणून त्यात मासा सोडायचा मोह होतो. त्यात रोहू-कटला असेल तर शिकारी मासा वर्षभरात बोटुकली साफ करतो. आणि सगळं पाणी उपसल्याशिवाय त्याला तिथून बाहेर काढता येत नाही.

पायरी ५ : पाणी पिकवा

मासा पाण्यात लघवी करतो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन विष. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर चालतं, ते पाणी बदलून कमी करायचं. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. एवढे दिवस टाकी चालू ठेवायची, फिल्टर फिरत ठेवायचा, रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकायचं. मासा मात्र नाही. मित्राच्या चालू फिल्टरमधला मळका स्पंज मिळाला तर निम्मा वेळ वाचतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, म्हणजे पाणी पिकलं.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मिरज-तासगाव पट्ट्यात ते बहुतेक जड आणि आठच्या आसपास पीएचचं असतं. पीएच आणि तापमान जितकं वर, तितका तोच अमोनिया जास्त जहरी. साताऱ्याच्या मऊ पाण्यात जो मासा चुकीतून वाचतो तो इथे वाचत नाही.

नळाचं पाणी असेल तर क्लोरिन. दिवसभर उघड्या टाकीत एअर पंप लावून ठेवलं की उडून जातो, घाई असेल तर दुकानात ‘अँटिक्लोरिन’ मिळतं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की पालिका टीसीएल (क्लोरिनची पावडर) वाढवते, तेव्हा नेहमीच्या मात्रेवर विसंबू नका. नळाखाली तोंड धुताना वास आला तर त्या दिवशी पाणी बदलायचं नाही.

फिल्टर तासाला टाकीच्या निदान पाचपट पाणी फिरवणारा हवा. स्पंज धुताना नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. नाहीतर सहा आठवडे जमवलेलं सगळं मोरीत जातं. टाकीचं जुनं पाणी नारळाला, कढीपत्त्याला घाला. फरक महिन्यात दिसतो.

पायरी ६ : मासा आणा

आता. तोंडाला जखम नाही, मिशा दोन्हीकडे शाबूत, पोट खपाटीला गेलेलं नाही, डोळे स्वच्छ, एवढं बघा. दुकानदाराला तुमच्यासमोर खायला टाकायला सांगा. खात नसेल तर घरीही खाणार नाही. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी आत घाला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिले दोन दिवस दिवा बंद आणि घरातल्यांची गर्दी बंद. आधीचे मासे असतील तर नव्याला तीन-चार आठवडे वेगळा ठेवा.

सोबतीला मासा ठेवायचा तर शिकाऱ्याच्या तोंडात न मावणारा. आज मावत नाही, पुढच्या दिवाळीत मावेल.

पायरी ७ : खाऊ घालणं

रेडटेल खाताना जवळून बघण्यासारखा असतो. तळाशी कल्ल्याजवळच्या परांवर टेकून बसलेला असतो, अगदी स्थिर. कोळंबी मिशीला लागली की मिशी मागे वळते, तोंड एकदम बादलीसारखं उघडतं आणि पाण्यासकट कोळंबी आत. पाण्याखाली ‘टप’ असा आवाज काचेबाहेरही ऐकू येतो. मग कल्ल्यांतून वाळूचे कण बाहेर पडतात. या एका क्षणासाठी लोक हा उद्योग करतात, आणि त्याच क्षणासाठी जास्त खायला घालून मासा मारतात.

सहा इंचांपर्यंतच्या पिल्लाला रोज एकदा. फूटभर झाला की एक दिवसाआड. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा बास. पोट किंचित गोल दिसलं की थांबा. मुख्य खाद्य बुडणाऱ्या पेलेट्सचं असू द्या. त्यांची लहानपणीच सवय लावली नाही तर मोठेपणी मासा त्या हट्टाने नाकारतो. जोडीला सोललेली कोळंबी, चिलापीचे काटे काढलेले तुकडे, गांडुळं. गांडुळं रासायनिक खत पडलेल्या रानातली नकोत.

जिवंत गोल्डफिश टाकण्याची फॅशन आहे, व्हिडिओ चांगला होतो. पण गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं, ते माशाच्या अंगातलं जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं, आणि दुकानातल्या स्वस्त गोल्डफिशबरोबर सगळ्या टाकीचा रोग घरी येतो. कोंबडी, मटण, काळीज याची चरबी माशाला पचत नाही, यकृतात साठते. चिकनच्या दुकानातली आतडी तर हौदात मुळीच नको. आफ्रिकन मागूरचे बेकायदा हौद याच खाद्यावर चालायचे, त्यांच्या शेजारून गेलेल्या कुणालाही कारण सांगावं लागणार नाही.

पायरी ८ : हात, जाळी आणि काटे

कॅटफिशच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक कडक काटा असतो. घाबरला की तो काटे ताठ करून अडकवून टाकतो. काट्याला करवतीसारखे दाते. साध्या जाळीने पकडायला जाल तर दाते जाळीत गुंततात, मासा गिरक्या घेतो आणि गाठ आणखी घट्ट बसते. मग एकच मार्ग, कात्रीने जाळी दोरा-दोरा कापायची, माशाचे डोळे ओल्या फडक्याने झाकून. नवीन जाळी वाया, मासा अर्धमेला. म्हणून लहान माशाला प्लास्टिकच्या डब्यात हळूच हाकलून घ्या. मोठ्याला ताडपत्रीची झोळी पाण्यातच खाली सरकवून दोघांनी उचला.

काटा हातात घुसला तर तो भाग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवा, कळ कमी होते. दुसऱ्या हाताने आधी पाणी बघून घ्या, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. मग डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर घ्या.

औषधांचंही असंच. खवले नसल्याने औषध कातडीतून लवकर भिनतं. बाटलीवरची मात्रा खवल्यांच्या माशांसाठी असते. निम्म्यापासून सुरू करा, आणि तांबं असलेलं औषध टाळा.

पायरी ९ : उन्हाळा, थंडी, लाईट

२५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ वर येतो, आणि नेमका त्याच वेळी मासा जास्त श्वास घेत असतो. एप्रिल-मेमध्ये हौदावर शेडनेट, दोन एअर पंप, खाणं कमी. मासा पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर तो भुकेला नाही, गुदमरतोय.

लाईट जाणारच. दहा वॅटचा एअर पंप इन्व्हर्टरवर रात्रभर आरामात चालतो, त्याला वेगळी जोडणी करून घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन घरभर होतं.

थंडीत रेडटेलला २४ अंश तरी हवेत. साडेतेरा हजार लिटरचा हौद एक अंशाने तापवायला साधारण १६ युनिट वीज लागते, आणि रात्रीत ती ऊब उडूनही जाते. म्हणून वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडे उघड्या हौदात हा मासा जमत नाही. बंद शेडमध्ये जमेल, खर्च तुमचा.

पायरी १० : पूर आला तर, आणि नकोसा झाला तर

कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की आयर्विनची पातळी बघत बसू नका. माशाचं खाणं त्याच दिवशी बंद करा. उपाशी मासा वाहतुकीत पाणी कमी घाण करतो. दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम, बॅटरीवरचा एअर पंप, ताडपत्रीची झोळी, आणि पाणी न येणाऱ्या भागातला एक मित्र ज्याच्याकडे पाणी पिकवलेली रिकामी टाकी आहे, एवढी तयारी मे महिन्यातच हवी. हौदावर चारही बाजूंनी बांधलेली जाळी हवी, पण तिच्यावर भरवसा ठेवून मासा तिथे सोडून जायचं नाही.

मासा टाकीत मावेना झाला तर आधी ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा. बहुतेक जण परत घेत नाहीत, काही घेतात. मग हौशींच्या ग्रुपवर फोटो, लांबी आणि खातो काय ते लिहून टाका. मोठा हौद असलेला माणूस शोधायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून मासा दोन फुटांचा व्हायच्या आत शोध सुरू करा. पैसे मागू नका, उलट खाद्याची पिशवी बरोबर द्या. कोणीच मिळालं नाही तर पशुवैद्याकडून त्याला शांतपणे मारून घेणं हा पर्याय आहे, आणि तो नदीत सोडण्यापेक्षा शंभर पटीने बरा. गणपती विसर्जनाच्या गर्दीत घाटावर कोण बादली ओततंय हे कोणी बघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही नदी, ओढा, विहीर, गावतळं, कालवा, शेजाऱ्याचं शेततळं, यातलं काहीही नाही.